नळ चालू ठेवा, आत्याबाई

कुवेतमध्ये आमच्या नळाचं पाणी गोठलं होतं असं मी सांगितलं, की माणसं हसतात. "काहीतरीच काय, तिथे तर नुसतं वाळवंट!" हसा बापडे. वाळवंटात बारा महिने भट्टी पेटलेली असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी जानेवारीतल्या पहाटे आमच्या जहरा गावात गच्चीवर जाऊन उभं राहावं, तेही उत्तरेकडे तोंड करून. समुद्राकाठच्या शहरात एवढं जाणवायचं नाही, पण जहरा पडलं पश्चिमेला, उघड्या माळावर. वाऱ्याला आडोसा म्हणून काही नाही. नव्वद सालच्या जानेवारीत तिथे जी थंडी पडली, तशी मी साताऱ्यात जन्मूनही कधी पाहिली नव्हती. ऑगस्टात इराकचं सैन्य घुसलं आणि आमची ती तिथली शेवटची थंडी ठरली, पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं!

मी आणि माझे यजमान दोघंही तिथल्या दवाखान्यात नोकरीला होतो. मी नर्स, हे एक्स-रे टेक्निशियन. एका दुमजली घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. खाली रत्नागिरीकडचं एक मुसलमान जोडपं राहायचं. भाईंचं बाजारात कापडाचं दुकान होतं. गच्चीवर दोन टाक्या, एक आमची आणि एक त्यांची. आमच्या टाकीतून निघालेला लोखंडी पाइप कठड्यावरून भिंतीला धरून खाली यायचा आणि स्वयंपाकघरात शिरायचा. सगळा उघडाबोडका. उन्हाळ्यात त्यातून असं पाणी यायचं की सरळ चहा टाकावा. म्हणून यांनी त्याला गोणपाट गुंडाळलं आणि रोज संध्याकाळी त्यावर तांब्या-तांब्याने पाणी मारायला लागले. गावाकडे माठाला करतात तसं. फरक पडायचा, खोटं कशाला बोलू? पण त्या गोणपाटाचं कौतुक यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं.

त्या थंडीत आमची लेक तीन महिन्यांची होती. माझी रजा संपली होती आणि बाळाला सांभाळायला माझ्या सासूबाई बीडकडच्या खेड्यातून आल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. विमानातून उतरल्या त्या एका हातात बाळासाठी शिवलेली गोधडी आणि दुसऱ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन. दोन दिवसांत त्यांनी घर ताब्यात घेतलं, आणि महिना होतो न होतो तोच त्यांना ते घर खायला उठलं. आम्ही दोघं दिवसभर ड्यूटीवर. खिडकीतून बघावं तर पिवळी माती आणि उभ्या केलेल्या मोटारी. खाली भाभी होत्या, चांगल्या मराठी बोलणाऱ्या, पण न बोलावता कुणाच्या दारात जायचं नाही हा आत्याबाईंचा नेम. आणि भाभींना वाटायचं, म्हातारी सोवळ्यातली असेल, आपण वर गेलेलं तिला चालायचं नाही. त्यामुळे दोघी आपापल्या मजल्यावर मुक्या.

"माझं मन रमंना बघ हितं," आत्याबाई रोज संध्याकाळी म्हणायच्या. ते ऐकून एक दिवस यांनी तोडगा काढला. "आईचं मन इथे लागत नाही ना, मग ठीक आहे. थंडी संपली की ती गावी जाईल, आणि बाळालाही घेऊन जाईल. वर्षभराने आणू आपण." किती सरळ! जशी काही लोणच्याची बरणी, इथून उचलली आणि तिथे ठेवली. पण यांचं बोलणं अगदीच जगावेगळं नव्हतं. आमच्या वॉर्डातल्या निम्म्या सिस्टरांची मुलं आपापल्या गावी आजीकडे वाढत होती. त्यांना फोटो यायचे. दात आल्याचा फोटो, पहिलं पाऊल टाकल्याचा फोटो. डबा खाताना त्या ते फोटो दाखवायच्या आणि मग घास तसाच हातात धरून बसायच्या.

मला ते नको होतं. माझी लेक मला फोटोत वाढवायची नव्हती. पण माझ्या पगारावर साताऱ्याचं माहेर चाललं होतं, नोकरी सोडते म्हणायला तोंड नव्हतं. आत्याबाई राहिल्या तर बाळ राहणार, त्या गेल्या तर बाळ जाणार, इतका साधा हिशेब होता. या बाबतीत त्यांच्या मनात काय आहे ते मात्र कळायला मार्ग नव्हता. विचारलं की "बघू" म्हणायच्या आणि बाळाचं दुपटं बदलायला घ्यायच्या. मी ठरवलं, आत्याबाईंना तळहाताच्या फोडासारखं जपायचं, एक शब्द वावगा बोलायचा नाही. माझा स्वभाव बघता ठरवणं वेगळं आणि जमणं वेगळं.

जानेवारीत दोन दिवस पाऊस झाला आणि मग आभाळ लख्ख उघडलं. त्या सकाळी मी नळ सोडला तर नुसता खरखर आवाज. थेंब नाही. बाळाची आंघोळ, चहा, सगळंच अडलं. हे गच्चीवर गेले आणि वरून ओरडले, "अगं, वर ये, बर्फ झालंय!" जाऊन बघते तर पाइपभोवतीचं गोणपाट ताठ, लाकडासारखं कडक. बोटाने वाजवलं तर टकटक वाजलं.

"अहो, गावाकडे माठाला ओलं गोणपाट कशासाठी गुंडाळतात?" मी विचारलं.

"पाणी गार राहायला."

"मग हे भिजलेलं गोणपाट तुम्ही थंडीत कशासाठी ठेवलंत?"

"पाइपला ऊब..." असं म्हणता म्हणता यांचा आवाज खाली खाली गेला. मग म्हणाले, "कोरडं असतं तर मिळाली असती."

"आणि पाऊस काय मला विचारून आला?" असं वर पुन्हा मलाच म्हणाले. उंटावरचा शहाणा म्हणतात तो शोधायला मला लांब जावं लागलं नाही. उंटाच्या देशात घरातच होता.

ऊन वर आल्यावर पाणी सुटलं. दवाखान्यात सिमल्याकडची एक सिस्टर होती, तिला मी हे सांगितलं तर तिने दोन वाक्यांत उपाय सांगितला. पाइपला कोरडं गरम कापड गुंडाळायचं, त्यावर भिजू नये म्हणून प्लास्टिक बांधायचं. आणि रात्रभर नळ अगदी बारीक चालू ठेवायचा, कारण वाहतं पाणी सहसा गोठत नाही. तिच्या माहेरी म्हणे लहान पोरांनासुद्धा हे माहीत असतं.

संध्याकाळी आम्ही पाइपचं बारसं असल्यासारखे कपडे गोळा करायला बसलो. यांनी सगळ्यात आधी हात घातला तो बाळाच्या गोधडीला.

"लेकराची गोधडी नळाला?" आत्याबाई कडाडल्या. "आरं, शिकून शिकून हेच शिकलास व्हय?"

शेवटी यांचे दोन जुने स्वेटर, माझी एक शाल आणि फाटकी चादर पाइपला नेसवली. वरून प्लास्टिक, त्यावरून सुतळी. खालून जाणारे येणारे मान वर करून बघायचे. टाकीजवळच्या वळणाला कापड पुरलं नाही, तेवढं उघडं राहिलं. हे म्हणाले, "बोटभर तर आहे, त्याला काय होतंय?"

आता राहिला नळ. झोपायच्या आधी मी स्वयंपाकघरातला नळ दोऱ्याएवढा चालू ठेवायची आणि सकाळी उठून बघायची तर घट्ट बंद. इतका घट्ट, की उघडायला दोन्ही हात लावावे लागायचे.

"आत्याबाई, नळ तुम्ही बंद केलात?"

"मग काय वाहू द्यायचा? टपकता नळ असल्यावर घरात लक्ष्मी टिकंल का?"

"अहो, पण बंद ठेवला की गोठतं ना!"

"गोठंना का. ऊन आलं की सुटतंयच की. वाया गेल्यालं पानी परत येतंय का, ते सांग."

बोलणं खरं होतं, आणि समोरचा खरं बोलला की मला राग येतो. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू समजावून सांग ना नीट." मी रोज समजावलं. सिमल्याची सिस्टर सांगून झाली, तिच्या माहेरची पोरं सांगून झाली. आत्याबाई सगळं ऐकून घ्यायच्या, "व्हय गं बाई, समजलं," म्हणायच्या आणि जाऊन नळ बंद करायच्या. पालथ्या घड्यावर पाणी!

थोडे दिवस ऊबदार गेले म्हणून निभावलं. मग पुन्हा वारा सुटला. त्या दिवशी मी सकाळच्या ड्यूटीला गेले तेव्हा नळाला पाणी नव्हतं, पण ते आता सवयीचं झालं होतं. ऊन येईल, सुटेल. दुपारी परत आले तर जिन्याच्या पायऱ्यांवरून पाणी खाली येत होतं. टाकीजवळचं ते बोटभर उघडं वळण रात्री गोठून चिरलं होतं, आणि उन्हाने बर्फ वितळल्याबरोबर तिथून कारंजं उडालं होतं. भाईंनी वर धावत जाऊन टाकीचा कॉक बंद केला तोवर टाकी रिकामी झाली होती. पाणी गच्चीवरून जिन्यात आणि जिन्यातून आमच्या खोलीत. आत्याबाईंनी बाळाला पाठीशी बांधलं होतं आणि उकिडव्या बसून त्या फरशीवरचं पाणी फडक्याने टिपत होत्या. टिपलेलं पाणीसुद्धा बादलीत पिळत होत्या. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"झालं समाधान? रात्रीचं तांब्याभर पाणी वाचवलंत आणि दिवसा टाकी गेली की सगळी! शंभरदा सांगितलं, नळ चालू ठेवा, आत्याबाई, नळ चालू ठेवा! माझं कोण ऐकतंय या घरात?"

त्या उठल्या नाहीत. फडकं पिळलं आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. पर मला झोपच येत न्हाई गं. तो नळ टपकायला लागला की वाटतंय, माझंच कायतरी सांडायलंय." पुन्हा फरशीवर फडकं टाकत म्हणाल्या, "मला गावाकडं लावून द्या. माझं हितं काय काम न्हाई."

माझा राग होता तिथेच विरला. हे मी काय करून बसले? त्यांच्या पाठीवर लेक झोपली होती, तिची मान एका बाजूला कलली होती. मी ती सरळ करायला गेले तर आत्याबाईंनी न बघताच हात मागे नेऊन ती सरळ केली.

संध्याकाळी यांना सगळं कळलं. पाइपचं ऐकून हे वैतागले आणि आईचं गावी जायचं ऐकून म्हणाले, "बरं झालं, विषय निघाला. शनिवारी तिकिटाचं बघतो. दोघींचं." शनिवारी, कारण त्याआधी रजा मिळत नव्हती, आणि गुरुवार-शुक्रवार तिथे सुट्टी. बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत गेले आणि तिच्या केसांचा वास घेत बसले.

भाईंनी बाजारातून नवं वळण आणलं, भाई आणि हे दोघांनी मिळून ते बसवलं. या वेळी वळणाला आधी कापड गुंडाळलं, मग बाकीच्याला. घरमालकाला काही सांगायची वेळ आली नाही. जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले तर नळ आधीच दोऱ्याएवढा चालू होता आणि त्याच्याखाली आमचा सगळ्यात मोठा स्टीलचा डबा ठेवलेला. शेजारी आत्याबाई उभ्या.

"नळ मीच सोडलाय," त्या म्हणाल्या. "गोठायचंबी न्हाई आन् वाया जायचंबी न्हाई."

"हे आधी का नाही सुचलं आपल्याला?"

"आधी तू नुसती वरडत व्हतीस."

सकाळी उठून बघते तर डबा भरलेला, पातेली भरलेली, दोन्ही बादल्या भरलेल्या, कुकरसुद्धा सोडला नव्हता. बाळाला बघायला त्या उठायच्याच, तेव्हा एक भांडं काढून दुसरं लावायच्या. ओट्यावर काठोकाठ भरलेली भांडी ओळीने मांडलेली, प्रत्येकावर झाकण. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला घरच्यासारखं काहीतरी दिसलं. आत्याबाईंनी पाणी भरलं होतं. गावाकडे त्या जन्मभर दिवस सुरू करायच्या तो पाणी भरून, आणि इथे आम्ही त्यांना नळ दाखवून त्यांचा दिवसच काढून घेतला होता. त्या दिवशी दुपटी त्या पाण्यात धुतली, फरशी त्या पाण्याने पुसली आणि चहासुद्धा त्याच पाण्याचा. हे म्हणाले, "चहा आज वेगळा लागतोय." लागत काही नव्हता, पण म्हणाले, याबद्दल त्यांना सगळं माफ.

त्याच सकाळी खालचा नळ गोठला. भाईंनी आमचा पाइप दुरुस्त केला, पण स्वतःच्या पाइपला काही गुंडाळलं नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली! मी ड्यूटीला निघाले तर दारात भाभी, हातात रिकामी बादली, उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या.

"काकी, जरा पानी मिलेल काय? आमच्या नलाला थेंब नाय."

"अगं, मग भाईर का उभी? ये की आत," आत्याबाई म्हणाल्या. "त्यो डबा उचल. त्यो मोठा. दोघी मिळून धरू."

परत आले तेव्हा दोघी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, बसून तांदळाच्या भाकरीवरून वाद घालत होत्या. भाभींचं म्हणणं, उकड काढल्याशिवाय भाकरी नाही. आत्याबाईंचं म्हणणं, भाकरी ज्वारीची, बाकी सगळी थट्टा. दुसऱ्या दिवशी खालचा पाइपही गुंडाळून झाला, त्यांना पाणी यायला लागलं, तरी भाभी बादली घेऊन वर यायच्याच. रिकामी बादली दाराशी ठेवायच्या, तासभर बोलायच्या आणि जाताना ती तशीच रिकामी घेऊन जायच्या. सोवळ्याची गोष्ट कुणी काढलीच नाही.

मला वाटायला लागलं, आता कदाचित राहतील. पण विचारायचं धाडस होईना. शनिवार जवळ आला होता आणि "बघू" हे त्यांचं उत्तर मला ऐकवलं नसतं.

शुक्रवारी सकाळी आत्याबाई बाळाला न्हाऊ घालत होत्या. न्हाणीघरात पाय पसरून बसलेल्या, पायांवर तेलाने माखलेली लेक पालथी. मी शेजारी बसून कोमट पाणी घालत होते. लेक भोकाड पसरून रडत होती, ती आंघोळीला नेहमीच रडायची. हे दारात येऊन उभे राहिले.

"आई, उद्या तिकिटाला जातोय. बाळाच्या पासपोर्टला फोटो लागेल, आंघोळ झाली की काढून आणू."

माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला.

"एकाचंबी तिकीट काढू नको," आत्याबाई म्हणाल्या. मान वर केली नाही, बाळाची पाठ चोळत राहिल्या. "लेकरू आईपाशी ऱ्हाईल. मी बी हितंच ऱ्हाते."

"अगं, पण तुझं मन रमत नाही म्हणतेस. आणि वर्षभराचाच तर प्रश्न आहे."

"वरीसभरच म्हणलं व्हतं म्या बी."

आम्हा दोघांनाही काही कळलं नाही. मग त्या सांगायला लागल्या, बाळाला उताणं करता करता, जसं काही हे आम्हाला माहीतच असावं. दुष्काळ पडला तेव्हा हे रांगत होते. गावातली विहीर आटली. पाण्यासाठी सगळा दिवस चालण्यात जायचा, घरी तान्ह्याला बघायला कुणी नाही. आत्याबाईंची बहीण नांदेडकडे दिली होती, तिच्या गावाला नदी होती. तिच्याकडे यांना ठेवलं. वर्षभरच ठेवायचं होतं, पण पुढचा पाऊसही हुलकावणी देऊन गेला.

"आणायला गेले तर तू तिच्या लुगड्यामागं लपलास," आत्याबाई यांना म्हणाल्या. "बळंच उचलून आणला. न्हाऊ घालायला घेतला की तिच्या नावानं रडायचास. पानी व्हतं तवा, भरपूर व्हतं. पर तू माझ्या हातानं आंघोळच करून घेईनास."

"मला कधी सांगितलं नाहीस," हे म्हणाले.

"काय सांगायचं? आन् लेकरू हितंच ठेवा म्हून कोणत्या तोंडानं बोलू? माझीच ऱ्हायची तयारी नव्हती."

लेक रडायची थांबली होती आणि आजीचं बोट चोखत होती. हे दाराची चौकट धरून उभे होते. "मग रडायचा कधी थांबलो मी?"

"थांबलास की. लेकरू किती दिवस रडंल?" आत्याबाईंनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि बाळाच्या अंगावर हळूहळू रिकामा केला. "पर माय तिलाच म्हणतोस अजून."

खरं होतं ते. नांदेडच्या मावशींना हे माय म्हणतात, गावाकडे सगळे आपल्या आईला म्हणतात तसं, आणि आत्याबाईंना आई. लग्न झाल्यापासून मी ऐकत आले होते आणि का म्हणून कधी विचारलं नव्हतं. मी टॉवेल पसरला, आत्याबाईंनी लेक माझ्या हातात दिली, आणि मी तिला छातीशी धरून तिथेच, ओल्या फरशीवर, ढसाढसा रडले.